माणिकरावांची पहाटपाहणी

पहाटे आपोआप जाग येणं हा आजार नसून वयाला मिळालेला मान आहे. मात्र तो मान गावात आपल्या एकट्यालाच मिळाला की काय, ही शंका माणसाला खाते. सेनगाव तालुक्यातले निवृत्त ग्रामसेवक माणिकराव यांचा डोळा रोज साडेतीनला टक्क उघडे. अंधारात एकट्यानं पडून राहायची त्यांना चक्क भीती वाटे. पण अशी भीती बोलून दाखवायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून त्यांनी तिला सार्वजनिक प्रश्नाचा दर्जा दिला. (नोकरीभर त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.)

आधी घरातली चौकशी झाली. लघवी: जाग आल्यावर आठवते, सबब कारण नव्हे. संध्याकाळचा चहा: बायकोनं, म्हणजे शालूबाईंनी, बंद केला; तेव्हापासून चहाच्या आठवणीनं जाग येते. डास: हजर, पण निर्दोष. शालूबाईंचं घोरणं: हे कारण शालूबाईंच्या समक्ष वगळण्यात आलं.

मग गाव तपासायचं ठरलं. दिवसा विचारलं तर लोक झोपेबद्दल बिनदिक्कत खोटं बोलतात. त्यामुळे पाहणी प्रत्यक्ष वेळेवरच करणं भाग होतं. मफलर गुंडाळून, बॅटरी घेऊन माणिकराव निघाले आणि त्यांनी पहिलं दार शेजारच्या भागवतचं वाजवलं. बराच वेळ वाजवलं.

"जागा हायस ना रे?"

"आता झालो," भागवत म्हणाला.

"काहून जाग आली?"

भागवतनं नुसतं त्यांच्याकडे बोट दाखवलं. कारण सांगता येत नाही, म्हणजे मनावर ताण असणार, असं माणिकरावांनी ठरवलं.

पुढच्या घरी केशरबाई म्हणाल्या, "मोटारीची लाईट रातची असते, भाऊ. पिकाला पाणी देऊन आत्ताच पडले व्हते. त्यात तुमी." यातला शेवटचा मुद्दा विषयाबाहेरचा असल्यानं सोडून देण्यात आला.

अशा रीतीनं पंधरवड्यात सारी गल्ली झाली, काही घरं खात्रीसाठी दोनदोनदा. निष्कर्ष असा की पहाटे साडेतीनला गल्लीत शंभरातले शंभर लोक जागे असतात. आपण एकटे नाही, हे कळून माणिकरावांचं मन भरून आलं. त्या रात्री ते असे झोपले की कूस बदलायचंही राहून गेलं.

साडेतीनला दार वाजलं. बाहेर भागवत, केशरबाई आणि अर्धी गल्ली उभी.

"तुमी आले न्हाई," भागवत म्हणाला. "आमी कवापासून वाट पाहून राहिलो. तब्येत बराबर हाय ना?"

कित्येक महिन्यांनी लागलेली झोप गेली. माणिकराव रडकुंडीला आले. शालूबाईंनी मुकाट्यानं चहाचं मोठं पातेलं ठेवलं, आणि तेव्हापासून गल्ली रोज त्यांच्याच ओट्यावर जमते.

वाचकांनी माणिकरावांना हसावं, हरकत नाही. पहाटे जाग आली की तुम्हीही मोबाइल उचलता आणि दीडशे माणसांच्या ग्रुपवर गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' टाकता. आमचे माणिकराव निदान स्वतःच्या पायानं जातात, आणि दार उघडेपर्यंत थांबतात.