बुवांच्या मानेवर बुक्क्याची रेघ

कीर्तनात मला डुलकी लागलेली पाहिली, असं छातीला हात लावून सांगणारा माणूस हैदराबादच्या आख्ख्या गौलीगुड्यात सापडायचा नाही! बुवा कितीही रटाळ असोत, मी पहिल्या रांगेत, खांबाशी, समईसारखा जागा. आणि गोळी न खाता, बरं का!

गोळीचं मुद्दाम सांगतोय. आमची कन्या तेजश्री मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. अ‍ॅनाटमी, म्हणजे शरीररचना, तिच्या मानगुटीवर बसलीय. मागच्या तोंडी परीक्षेत नापास झाली, या वेळी घसरली तर वर्ष गेलं. म्हणून ही पोर रात्र रात्र मोबाईलवर लेक्चरं बघते, तीही दुप्पट वेगानं. तो मास्तर असा बोलतो, जणू त्याच्या मागे कुत्रं लागलंय! आणि जागं राहायला गोळ्या. परवा तिनं चहाची बशी उचलली, तर बशी झांजेसारखी वाजली.

"हे काय गं?"

"सगळा वर्ग घेतो, बाबा. लेक्चर बघायचं तर जागायला नको?"

"आमचे बुवा तासन् तास आख्यान लावतात, गोळी खाऊन?"

"त्यांना नर्व्हांची नावं पाठ करायची नसतात!"

माझं डोकंच फिरलं. परीक्षेच्या आदल्या रात्री मी गोळ्याही काढून घेतल्या आणि मोबाईलही.

"बाबा, उद्या संध्याकाळी माझी परीक्षा मोबाईलवरच आहे!"

"हौ हौ! आणि जेवणही मोबाईलवरच असेल! झोप गुमान."

याहून बऱ्या सबबी मी नोकरीत रोज ऐकल्यात. ती झोपली. मी मात्र तिच्या दाराशी खुर्ची टाकून उजाडेपर्यंत पहारा दिला.

आता गोळ्या लपवायच्या कुठं? घरात माझी बायको लीला धुळीचा कणसुद्धा हुडकून काढते. मग सुचलं! कीर्तन मंडळात बुवांच्या घशाची व्यवस्था माझ्याकडे. खडीसाखर, लवंग, ज्येष्ठमध यांची पितळी डबी देवघरात असते, सोवळ्यातली. तिला कुणी हात लावत नाही. गोळ्या पांढऱ्या, खडीसाखर पांढरी. टाकल्या आत! माझ्या हुशारीवर मीच खूश.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाईल खिशात, डबी हातात, असा मी राममंदिरात हजर. नांदेडचे श्रीकांतबुवा कीर्तनाला. उभे राहण्याआधी त्यांनी रिवाजाप्रमाणे हात पुढं केला, मी रिवाजाप्रमाणे डबी उघडली, आणि त्यांनी चिमटीनं काहीतरी उचलून तोंडात टाकलं. तोंड वाकडं झालं.

"खडीसाखर कडू आहे हो!"

"बेगम बाजारची आहे, बुवा," मी म्हणालो. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पांडुरंगा!

पूर्वरंग सुरू झाला. थोडा वेळ ठीक. मग बुवांचे डोळे मोठे झाले आणि कीर्तन दुप्पट वेगानं पळू लागलं, थेट त्या मोबाईलवाल्या मास्तरासारखं! दृष्टांतातले मारुतीराय समुद्रावर उडाले न उडाले, तोच लंका पेटली. तबलजी घामानं निथळला, पेटीवाल्यानं तर बोटं उचलून हातच जोडले. लोक म्हणाले, "काय रंग चढलाय!" मला दरदरून घाम.

मध्यंतराला नामाचा गजर सुरू झाला, बुवांना हार घालायची वेळ आली, तोच दारातून तेजश्री धावत आली. मागं लीला.

"बाबा, मोबाईल! परीक्षा सुरू झालीय!"

"अगं, बुवांनी तुझी गोळी खाल्ली!"

"किती?"

"एकच."

"दोन कप कॉफीएवढी असते ती, काही होत नाही. मोबाईल द्या!"

सबब नव्हती तर! खरीच परीक्षा होती! मोबाईल दिला. पडद्यावर कॉलेजच्या मॅडम, चेहरा पोलीस चौकीसारखा. "घरी जायला टाइम नाही. जिथं आहेस तिथं सांग. जिवंत माणसाच्या मानेवर स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइड मार्क करून दाखव."

हा मानेतला कुठलासा स्नायू. तेजश्रीनं माझ्याकडं पाहिलं.

"बाबा, तुमच्यात मान कुठून सुरू होते तेच कळत नाही!"

आणि तिची नजर बुवांवर गेली. बुवा वरच्या पट्टीत गजर करत होते आणि मानेच्या शिरा सुतळीसारख्या तटतटलेल्या! पोरीनं मोबाईल आईच्या हाती दिला, हाराच्या तबकातला बुक्का बोटावर घेतला आणि बुवांच्या कानामागून गळ्याच्या खळगीपर्यंत काळीभोर रेघ ओढली. हात जराही थरथरला नाही!

"एक्सलंट!" मोबाईल ओरडला.

बुवा गातच होते. त्यांना वाटलं, हैदराबादची पद्धत असेल. आणि लोकांनाही तसंच वाटलं! मंडळाचे अध्यक्ष एकनाथराव भक्तिभावानं पुढं आले, त्यांनी दुसऱ्या बाजूला रेघ ओढली. मागं रांग लागली. बघता बघता बुवांची मान वाघासारखी पट्टेरी!

"बाबा, थांबवा त्यांना! माझी रेघ पुसतेय!"

पण मी कशाला थांबवू? बुवा सुखरूप, पोरीची परीक्षा सुरळीत. जीव असा काही भांड्यात पडला, की मी खांबाला टेकून नामस्मरणासाठी घटकाभर डोळे मिटले.

पुढचं मला घरी कळलं. तेजश्री पास! पेढे आणले. बुवांनी जाताना 'ती कडू खडीसाखर' पुडीत बांधून मागितली, लीलानं साधी दिली. मी विजयानं म्हणालो, "बघितलंस? एक रात्र झोपलीस, तर हात स्थिर राहिला. आणि त्या मोबाईलवर काय शिकतात कुणास ठाऊक!"

माय-लेकी एकमेकींकडं बघून फिस्सकन हसल्या. तेजश्रीनं मोबाईल माझ्यापुढं धरला. परीक्षेचं चित्रण. वर्गाला नमुना म्हणून मॅडमनी सगळ्यांना पाठवलेलं. शेवटचा प्रश्न चालला होता.

"मागं खांबाला टेकून कुणीतरी तोंड उघडं टाकून झोपलंय. त्यांचा कुठला मसल सैल पडलाय?"

"मॅसेटर, मॅडम. जबडा मिटणारा. आणि... ते माझे बाबा आहेत."

"पहा," लीला म्हणाली, "आता आख्खा वर्ग मोबाईलवर तुमच्यावरच शिकतोय!"

मी ध्यानात होतो. ध्यानात जबडा सैल पडतो, हे त्यांच्या पुस्तकात नाही, त्याला मी काय करू? आणि घोरण्याचं म्हणाल, तर तो तबल्याचा डग्गा होता!