जमिनीला समांतर

"फळी म्हणजे काय, तर एक रेषाखंड. आणि रेषाखंडासाठी घरात सुतार आणायचा?"

रविवारी सकाळी सरांनी हे जाहीर केलं, तेव्हाच त्यांच्या हातातलं ड्रिल काढून घ्यायला हवं होतं. पण सव्वीस वर्षं भूमिती शिकवणाऱ्या माणसाच्या हातातलं काही काढून घेणं सोपं नसतं. बायकोने फक्त विचारलं, "रेषाखंड असो नाहीतर आणखी काही, बरण्या राहतील ना त्यावर?"

प्रश्न बरण्यांचाच होता. बायकोच्या आईने दिलेल्या चिनी मातीच्या सहा निळ्या बरण्या अकरा वर्षं पलंगाखाली खोक्यात पडून होत्या. का, तर स्वयंपाकघरात फळी नव्हती. फळी का नव्हती, तर सर दर वेळी सुताराला दारातूनच परत पाठवत. आणि आज संध्याकाळी पाचला सासूबाई येणार होत्या. "बरण्या वापरतेस ना गं?" असं त्यांनी फोनवर विचारलं आणि लेक "हो" म्हणून बसली. खोटं बोलून झालं होतं. आता पाचच्या आत ते खरं करायचं होतं.

"शेजाऱ्यांकडून लेव्हल आणू का? ती बुडबुड्याची?"

"बुडबुड्याला विचारून भूमिती करायची?" सर म्हणाले. "दोन बिंदूंमधून एक आणि एकच रेषा जाते. तेवढं पुरतं."

बिंदूला लांबी, रुंदी, जाडी नसते, म्हणून सरांनी पेन्सिलीला सुईसारखं टोक काढलं. परिणामी भिंतीवर काढलेला पहिला बिंदू त्यांनाच सापडेना. चष्मा कपाळावर, चष्मा नाकावर, मग टॉर्च.

"हा घ्या," बायकोने बोट ठेवलं.

"हा डाग आहे."

"मग हा?"

"हा पण डागच आहे. अगं, भिंत पुसतेस की नाही?"

शेवटी दोन्ही टोकांना जमिनीपासून बरोबर दीडशे सेंटिमीटरवर दोन बिंदू पडले, त्यांतून रेषा गेली आणि अकराच्या सुमारास फळी बसली. चांगली सहा फुटी, वर गुळगुळीत सनमायका. बायकोने एकेक बरणी पदराने पुसून वर ठेवली आणि चार पावलं मागे सरून मान कलती केली.

"डावीकडे उतरलीय असं नाही वाटत?"

"वाटणं म्हणजे सिद्धता नव्हे." सरांनी पुन्हा टेप लावला. उजवीकडे दीडशे. डावीकडे दीडशे. "जमिनीला समांतर. हेच सिद्ध करायचे होते."

त्याच वेळी भिंतीपलीकडे धुण्याचं मशीन कपडे पिळायच्या टप्प्यावर आलं. भिंत थरथरली, फळी थरथरली आणि सहाही बरण्या डावीकडे निघाल्या. घाई नाही, गडबड नाही. मुख्याध्यापकांनी बोलावल्यावर शिक्षक निघतात तशा, एकामागून एक.

बायकोने झेप घेऊन मागच्या पाच बरण्या दोन्ही हातांनी कवटाळल्या. पुढची सरांच्या बाजूला होती.

"अहो, धरा तिला!"

"थांब, आधी अंतर बघतो," म्हणत सर टेप घेऊन खाली वाकले. "दीडशेच आहे गं. फळी बरोबर आहे. बरण्यांचे तळ—"

बरणी त्यांच्या पाठीमागून गेली. आवाज झाला. मग मशीन थांबलं, आणि बायकोने पाच बरण्या खाली उतरवून केराची सुपली आणली.

दोन वाजता सुतार आला. बायकोने बोलावलं होतं, सरांना न विचारता. त्याने फळीवर लेव्हल ठेवली. बुडबुडा उजव्या टोकाला जाऊन बसला. मग त्याने तीच लेव्हल जमिनीवर ठेवली. बुडबुडा तिथेही उजवीकडेच.

"सर, काम एक नंबर," तो म्हणाला. "फळी जमिनीला समांतर आहे, केसभर फरक नाही. फक्त जमीन उतरती आहे. पाणी त्या डाव्या कोपऱ्यातल्या जाळीकडे जायला नको का?"

"अकरा वर्षं मी ही फरशी पुसतेय," बायको केराच्या सुपलीकडे बघत म्हणाली. "पाणी कुठे जातं, एकदा विचारायचं तरी मला."

भूमितीत जमीन सपाटच असते, असं सर म्हणणार होते. त्याऐवजी त्यांनी टेप गुंडाळला.

सुतार बुधवारची वेळ देऊन गेला. पावणेपाचला बायकोने नुकत्याच धुतलेल्या ताटल्या फळीवर उपड्या घातल्या आणि बरण्या टेबलावर मांडल्या.

पाचला सासूबाई आल्या. आधी त्यांनी फळी पाहिली. ताटल्यांचं पाणी एका धारेत थेट जाळीवर पडत होतं.

"भांडी निथळायला उतार काय सुरेख दिलाय, जावईबापू. तुम्ही केलंत?"

सरांनी मान हलवली. ती होकारार्थी की नकारार्थी, त्यांनाही कळलं नाही.

मग सासूबाई टेबलाकडे वळल्या. बोटाने मोजलं. पुन्हा मोजलं.

"पाचच कशा गं?"

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. सरांनी घसा खाकरला. हाताला खडूची सवय. त्यांनी टेबलावरच्या रिकाम्या जागेकडे नुसतं बोट केलं.

"सहावी," ते म्हणाले, "गृहीत धरा."