नाना खैरनार आणि लेफ्ट बॅकचा डेटा

माझ्या भाचीच्या साखरपुड्यात सगळे पाहुणे मुलाचा पगार, फ्लॅट आणि घराणं विचारण्यात गुंतले होते. नाना खैरनार एकटे त्याच्या पायांकडे बघत होते. जेवताना मला कोपराने ढोसून म्हणाले, "सेक्रेटरी, जावई झकास आहे. पण लेफ्ट फूट झीरो. बूट काढताना बघितलं मी."

बरं, मुलगा फुटबॉल खेळत नाही. मार्केट यार्डात टोमॅटोचा व्यापार करतो.

हे नाना म्हणजे सातपूरच्या आमच्या कॉलनीतल्या फुटबॉल क्लबाचे 'हेड ऑफ रिक्रूटमेंट'. हे पद त्यांनीच काढलं, त्यांनीच अर्ज केला आणि एकमताने स्वतःची निवडही केली. मी क्लबाचा सेक्रेटरी. बॉलमध्ये हवा भरणे, मैदानातल्या गाई हाकलणे आणि शिव्या खाणे ही खाती माझ्याकडे. नाना येण्याआधी आमची निवडपद्धत सोपी होती. ज्याच्याकडे बूट, तो टीममध्ये. ज्याच्याकडे बाइकसुद्धा, तो कॅप्टन.

नानांचं सगळं आयुष्य कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये गेलं. आलेला माल तपासायचा आणि तोंड वाकडं करून परत पाठवायचा. रिटायर झाले तरी हात शिवशिवत होते. एका सकाळी लॅपटॉप घेऊन मैदानावर हजर झाले. बांबूला मोबाइल बांधून मॅचचं शूटिंग केलं आणि घरी बसून प्रत्येक पोराचा प्रत्येक पास एक्सेलमध्ये भरला.

"परदेशात सगळे मोठे क्लब असेच प्लेअर घेतात," ते म्हणाले. "डोळे फसवतात, सेक्रेटरी. डेटा बोलतो, आपण फक्त ऐकायचं."

ऐकलं बाबा! डेटाने पहिला हिरा शोधला तो अमोल. त्याचा एकही पास चुकत नाही म्हणे. आम्ही त्याला शेजारच्या क्लबातून मिनतवाऱ्या करून आणला, नारळ फोडला. पहिल्याच मॅचमध्ये कळलं की हा गडी बॉल मिळाला की मागे वळतो आणि हातभर अंतरावरून आपल्याच गोलकीपरला देतो. जन्मात पुढे पास दिलाच नाही, तर चुकणार कुठून? नानांना मात्र त्याच्या शिस्तीचं कौतुक.

दुसरा हिरा पळण्यात अफाट. त्याच्या मोबाइलमधल्या अंतर मोजणाऱ्या ॲपचा आकडा बघून मला वाटलं, पोरगा नाही, घोडा आहे. निघाली स्कूटर. तो हॉटेलची पार्सलं पोचवायचा आणि ॲप बंद करायला विसरायचा. आता हे त्याला आधी विचारता आलं नसतं का? छे! डेटा हाताशी असताना माणसाला कशाला विचारायचं?

आणि सलमान, जो आमच्यासाठी खरोखर गोल मारायचा, त्याला नानांनी काढला. का? तर फार शॉट वाया घालवतो. सलमान नाशिक रोडच्या क्लबात गेला आणि आमच्याविरुद्ध खेळला. तिथेही त्याने भरपूर शॉट वाया घालवले, पण तीन आमच्या जाळ्यात गेले. नाना शांतपणे म्हणाले, "सँपल लहान आहे."

हेही आम्ही गिळलं. पण पश्या! आमचा लेफ्ट बॅक पश्या वाईट आहे हे सांगायला लॅपटॉप लागत नाही. बॉल डावीकडून आला की हा उजवीकडे बघतो. नानांच्या एक्सेलमध्येसुद्धा त्याची ओळ वरपासून खालपर्यंत लालभडक. तरी नाना दर रविवारी त्यालाच उतरवायचे. विचारलं की म्हणायचे, "अभ्यास चालू आहे." अरे, अभ्यास काय चालू आहे? आम्ही दर मॅचला मार खातोय ना!

शेवटी कमिटी भडकली. अजून एक मॅच हरलो की जिल्ह्याच्या लीगमधून बाहेर. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. "बास झालं! नानांना काढा, त्यांच्या लॅपटॉपसकट. सेक्रेटरी, आजच्या आज सांगून या." खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. रस्ताभर मी चार टोचणारी वाक्यं पाठ करत गेलो.

रविवारची संध्याकाळ होती. नानांचं दार उघडंच होतं. मैदानावर मळक्या बनियनवर येणारा हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून लॅपटॉपसमोर बसला होता. स्क्रीनवर त्यांची मुलगी मेघना. ती इंग्लंडला 'कंप्युटरमध्ये' आहे एवढंच मला माहीत होतं. कसलं कंप्युटर! ती तिकडच्या एका फुटबॉल क्लबात हेच काम करते. आकड्यांवरून प्लेअर निवडायचे. नानांनी मला हातानेच बसायची खूण केली.

"नाना, त्या लेफ्ट बॅकला काढा हो," मेघना म्हणत होती. "किती दिवस सांगतेय मी."

"काढतो गं. पण का काढायचं, ते नीट सांग. पहिल्यापासून."

तिने पहिल्यापासून सांगितलं. नाना मान डोलवत ऐकत होते, मधूनच "असं होय!" म्हणत होते. मी थक्क झालो. पश्याचे हेच सगळे दोष नानांनी मला मैदानावर, पाणी पिता पिता, स्वतः समजावले होते.

"अजून काही, नाना?" तिने विचारलं.

नाना घाईघाईने एक्सेल वरखाली करायला लागले. "हे... थांब हं... नाही. काही नाही."

"ठेवू मग?"

"ठेव."

स्क्रीन काळी झाली तरी नाना तिच्याकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "मला काढायला आलात ना, सेक्रेटरी? चेहऱ्यावर दिसतंय."

पाठ केलेली चारही वाक्यं सोडून मी वर पंख्याकडे बघायला लागलो.

"मंदा होती तोवर पोरीचा फोन तिलाच यायचा," नाना म्हणाले. "मी उचलला तरी 'थांब, आईला देतो' एवढंच बोलायचो. मंदा गेली, आणि महिन्याभराने फोन वाजला. सवयीने बोलून गेलो हो. 'थांब, आईला देतो.' तिकडे ती गप्प, इकडे मी गप्प." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मग एक दिवस विचारलं, तू तिकडे काम तरी काय करतेस गं? तासभर बोलली. एवढं ती माझ्याशी जन्मात बोलली नव्हती."

नाना मूळचे नामपूरकडचे. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी गावाकडची अहिराणी ऐकली नव्हती, ती त्या दिवशी ऐकली. "आंडेरसंगे काय बोलानं, ते माले समजस नई रे भाऊ." आंडेर म्हणजे मुलगी. मग पुन्हा सावरून म्हणाले, "पश्याला काढला आणि टीम जिंकायला लागली, तर रविवारच्या फोनवर मी तिला विचारू काय?"

पश्याच्या खेळाने मला आजवर खूपदा रडवलंय, पण हे निराळं होतं. म्हटलं, खड्ड्यात गेली कमिटी, अध्यक्षांना काय सांगायचं ते माझं मी बघेन.

"तुम्हाला काढायला कोण आलंय?" मी खुर्ची पुढे ओढली. "पश्याला काढा, एवढंच सांगायला आलोय. त्याच्याविषयी आता बोलून झालं. पण नाना, आपला गोलकीपर कधी नीट बघितलात का?"

नाना चष्मा चढवून एकदम सरसावून बसले. "का? वाईट आहे?"

"भयंकर आहे. हवेतला बॉल आला की डोळे मिटतो. लांब किक मारायला गेला की पाय जमिनीवरच आपटतो. बॉल हातात आला तरी सोडतो."

नानांनी लॅपटॉप पुढे ओढला. आनंदाने त्यांनी एक नवी कोरी शीट उघडली.

"सावकाश सांगा, सेक्रेटरी," ते म्हणाले. "याच्यावर तर दिवाळीपर्यंत बोलता येईल."