हात सैल सोडा

जिभेला हाड नसतं म्हणतात ते बरंच आहे, नाहीतर स्टोअरकीपरांची जीभ त्या दुपारी नक्की मोडली असती.

सासुरवाडीला जेवणं आटोपून मंडळी गप्पा मारत बसली होती. धाकटे जावई, म्हणजे आपल्या स्टोअरकीपरांचे साडू, पेशाने दातांचे डॉक्टर. ते टेनिस खेळतात, आणि खेळत नसले की टेनिसबद्दल बोलतात. "सगळ्यात अवघड म्हणजे सर्व्हिस," साडू म्हणाले.

"त्यात काय अवघड?" स्टोअरकीपर बोलून गेले. "कॉलेजात माझी सर्व्हिस परत करणारा कुणी जन्मला नव्हता." (हे खरंच होतं. ती नेटपलीकडे कधी गेलीच नाही, तर परत कोण करणार?)

"मग महिनाअखेरीला आमच्या क्लबवर या," साडू बत्तीशी दाखवत म्हणाले. "बाबाही येतील बघायला."

बाबा म्हणजे सासरे, आणि खरं दुखणं तिथेच होतं. सासऱ्यांची कवळी साडूंनी फुकट बसवून दिली होती, त्यामुळे सासरे तोंड उघडत ते साडूंचं कौतुक करायलाच. पाहुणे आले की म्हणत, "हे आमचे जावई, डॉक्टर." मग त्यांची नजर स्टोअरकीपरांवर जाई. "आणि हे... बसा, बसा, चहा घ्या." थोरले जावई असूनही 'आमचे जावई' हे दोन शब्द त्यांच्या वाट्याला कधी आले नाहीत. माणसाला वाईट वाटतं हो. त्यांना तर फारच वाटायचं. चारचौघांत एक सणसणीत सर्व्हिस मारली की सासऱ्यांना म्हणावंच लागेल, असं त्यांनी मनाशी धरलं आणि शेजाऱ्यांच्या माळ्यावरची रॅकेट मागून आणली. (विकत घेण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही.)

शिकायला त्यांनी एक कोच गाठला. त्याने त्यांचा पहिला फटका पाहिला आणि तो म्हणाला, "काका, हात सैल सोडा."

स्टोअरकीपर चमकले. क्षणभर वाटलं, याला बायकोने पढवून पाठवलाय.

"सर्व्हिस हाताने मारायची नसते," कोच म्हणाला. "जोर पायांतून निघतो, गुडघ्यांतून कमरेत येतो, कमरेतून खांद्यात. हात शेवटी नुसता झटकला जातो, ओला टॉवेल झटकावा तसा. हे डोक्याला कळून उपयोग नाही, अंगवळणी पडलं पाहिजे."

आता या अंगाला काय वळण होतं ते ऐका. जुन्या पेन्सिलीचं थोटूक पाहिल्याशिवाय हा माणूस कचेरीत कुणाला नवी पेन्सिल देत नसे. देतानाही एक टोक धरून ठेवी, घेणाऱ्याने ती ओढून घ्यायची. असल्या हाताला सैल म्हणजे काय ते कुठून कळणार?

संध्याकाळी ते आरशासमोर उभे राहून घोकत होते, "सैल. एकदम सैल. हात सैल सोडायचा."

बायको दारात थबकली. "काय म्हणालात?"

"आजपासून हात सैल सोडायचा. कोच म्हणतो, त्याशिवाय काही जमणार नाही."

"इतकी वर्षं मी दुसरं काय सांगतेय? पण घरच्याचं ऐकाल तर शपथ. असो. मग तो सोफा घेऊन टाकू या?"

'नाही' हा शब्द ओठांवर आला तशी त्यांची मूठ वळली, खांदा कानाला जाऊन चिकटला आणि मनगटाचं लाकूड झालं. तासभर खपून जेमतेम खाली आणलेला खांदा. "घे," ते म्हणाले, आणि काय आश्चर्य, खांदा आपोआप खाली आला. कोच सांगत होता तो सैलपणा त्यांना जन्मात पहिल्यांदा कळला.

दुसऱ्या दिवशी चेंडू नेटपलीकडे गेला.

"घरी काय केलंत?" कोचने विचारलं.

"सोफा घेतला."

कोच हसला. त्याला तो विनोद वाटला.

बायको काही दुधखुळी नव्हती. रोज निघताना ती त्यांचा खांदा दाबून बघे. "आज कडक लागतोय हो. पडद्यांचं राहिलंय ना, म्हणून असेल." मग पडदे आले, गालिचा आला, मिक्सर आला, आणि सर्व्हिस दिवसेंदिवस सुधारत गेली. हा सैलपणा कचेरीतही शिरला. पेन्सिली मागेल त्याला मिळू लागल्या, कपाट रिकामं झालं आणि साहेबांनी मेमो दिला. मेमो त्यांनी अगदी सैल हाताने घेतला.

सामन्याच्या आदल्या दिवशी कोच म्हणाला, "काका, रॅकेटच्या मुठीवरची पट्टी पार गुळगुळीत झालीय. नवी बसवून घ्या, फार नाही पडत."

"कशाला? चालतंय की," स्टोअरकीपर म्हणाले. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ते हेच.

क्लबवर साडूंच्या बाजूला, लायनीबाहेर, खुर्च्या मांडल्या होत्या. सासरे पांढरीशुभ्र पँट घालून बसले होते, शेजारी क्लबचे सेक्रेटरी, पुढ्यात चहाचं टेबल. स्टोअरकीपरांनी चेंडू वर उडवला. गुडघे वाकले, कंबर वळली, खांदा उघडला, हात ओल्या टॉवेलसारखा झटकला गेला. एवढी सुंदर सर्व्हिस त्या मैदानाने पाहिली नसेल. फक्त चेंडू त्यांच्याच पायाशी पडला आणि रॅकेट पलीकडे गेली.

साडू खाली बसले म्हणून वाचले. रॅकेट थेट चहाच्या टेबलावर उतरली आणि किटली, कप, बिस्किटं असं सगळं सासऱ्यांच्या मांडीवर आलं. चहा कोमट होता, एवढंच नशीब.

सेक्रेटरी ताडकन उठले. "हे गृहस्थ कोण? आत कुणी सोडलं यांना?"

बायकोने वडिलांकडे पाहिलं. स्टोअरकीपर रिकामा हात तसाच पुढे धरून उभे होते. सासऱ्यांनी कवळी सावरली आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदा नीट आपादमस्तक न्याहाळलं. आता तर म्हणावंच लागणार, या आशेने स्टोअरकीपरांच्या छातीत धडधडायला लागलं.

"हे होय?" सासरे पँट झटकत म्हणाले. "हे आमच्या जावयांचे साडू."