गावंडे सरांच्या विहिरी

गावंडे सर कुणाच्याही घरी गेले की खुर्चीत बसायच्या आधी पाणी मागायचे. तहान असो नसो. एक घोट तोंडात फिरवायचे, डोळे मिटायचे आणि यजमानाला निकाल सांगायचे. "बोरचं हाय. आंधी मचूळ, मांगून तुरट. चहात साखर जास्त टाकत असान तुमी." निकाल बहुतेक वेळा खरा असायचा, त्यामुळे घरातली बाई जास्तच चिडायची. आमच्या हिने एकदा तोंडावर विचारलं, "भाऊजी, आमच्याकडे पाणी प्यायला येता की परीक्षा घ्यायला?"

"दोन्ही, वहिनी. पण चहा टाका, पास हा तुमी."

या माणसावर लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. लिहायला बसलो की मधे एक जागा येते आणि तिथे माझं स्वतःचं नाव घ्यावं लागतं. पण गेल्या महिन्यात सरांच्या शोकसभेत जे ऐकलं, त्यानंतर गप्प बसणं मला जमेना. आमचे एक जुने सहकारी माईकसमोर उभे राहिले आणि हसत म्हणाले, "नदीत विहिरी खोदणारा असा प्राध्यापक पुन्हा होणे नाही!" आणि लोक हसले! समोर फोटो, फोटोला ताजा हार, आणि हे हसतायत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विनोद शिळा होता, त्याचं सोडा. तो खोटा होता. आणि खोटा आहे हे त्या सभेत फक्त मला माहीत होतं.

तर आता नीट सांगतो.

अमरावतीच्या एकाच कॉलेजात ते भूगर्भशास्त्र शिकवायचे, मी भूगोल. निवृत्तही मागेपुढेच झालो. मी आता घरी पेपर वाचत बसण्याच्या बेतात होतो. एका सकाळी सर स्कूटर घेऊन दारात. "चाला देशमुख. दोघायचं नाव टाकून आलो."

"कशात?"

"जीआयएसच्या कोर्सात. भूविज्ञानासाठी प्रगत जीआयएस. साधं नाई, प्रगत!"

म्हणजे संगणकावर नकाशे एकावर एक रचायचे. माती, उतार, नद्या, विहिरी, उपग्रहाने काढलेलं चित्र, प्रत्येकाची वेगळी लेयर. साऱ्या लेयर एकमेकींवर बरोबर बसल्या की जमिनीच्या पोटातलं काहीतरी कळतं. वर्गातल्या पोरांनी आमचं नाव 'जीवाश्म' ठेवलं. मी संतापलो, सर खूश. "बरं हाय ना बावा. जीवाश्म थरात जपून राहते."

पुढे त्यांना सगळीकडे लेयरच दिसू लागली. भाचीसाठी आलेल्या स्थळाबद्दल म्हणाले, "वरची लेयर झकास हाय. ते बंद करून खाली पाहा. काळी माती हाय का नुसता मुरूम?" मुलाकडचे दारातच उभे होते. ते स्थळ अर्थातच गेलं.

शिकवणारी मॅडम आमच्या मुलीच्या वयाची. सरांचं आणि तिचं पहिलं भांडण चवीवरून झालं. सरांनी विहिरींच्या माहितीत 'चव' असा एक रकाना केला होता. त्यात गोड, मचूळ, खारट, आणि शेवटी 'पाहुणा परत येत नाही'.

"सर, हे सॉफ्टवेअरला कळणार नाही."

"त्याले नाई कळलं तरी चालते, मॅडम. ज्याले प्याचं हाय त्याले कळते."

शेवटी मॅडमने प्रयोगशाळेतले क्षारांचे आकडेही घ्यायला लावले. सरांनी घेतले. चवीचा रकाना मात्र काढला नाही.

हे सगळं चाललं होतं खारपाण पट्ट्यासाठी. अमरावती-अकोल्याच्या मधे पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमीन सोन्यासारखी काळी, आणि खाली पाणी खारट. सरांची धाकटी बहीण शांताबाई तिथल्याच एका गावात दिलेली. सर दर रविवारी स्कूटरवर गोड्या पाण्याच्या कॅन बांधून तिच्याकडे जायचे. आम्ही त्यालाही त्यांच्या लहरींत धरत होतो. सरांचं म्हणणं असं, की एखादी नदी पूर्वी दुसरीकडून वाहिलेली असते, तिचं जुनं पात्र गाळाखाली बुजतं, आणि त्या वाळूत गोडं पाणी टिकून राहतं. उपग्रहाच्या चित्रावर त्यांना शांताबाईच्या गावाजवळ, आजच्या नदीच्या पश्चिम काठालगत, तसं एक पात्र पुसट दिसलं होतं. जुन्या काळच्या गोड विहिरी जर त्याच रेषेवर असल्या, तर गावाने नवं बोअर कुठे घ्यायचं ते नक्की होणार होतं. सरपंच तयार होते. "नकाशा पटला तं याच उन्हाळ्यात बोर मारू," असा शब्द त्यांनी दिला होता.

गावोगाव फिरून पाणी चाखायचं काम सरांचं. जुन्या कागदी नकाशावरच्या विहिरी संगणकावर उतरवायचं काम माझं.

आता ती जागा आली.

जुन्या नकाशातले अक्षांश-रेखांश एका मापाने मोजलेले असतात, आजच्या उपग्रहाचे दुसऱ्या मापाने. एकातून दुसऱ्यात जाताना संगणकाकडून रूपांतर करून घ्यावं लागतं. मॅडमने हे दोनदा सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. जन्मभर नकाशे शिकवलेला माणूस मी, ही पोरगी मला काय सांगणार? मी रूपांतर केलंच नाही, फक्त मापाचं नाव बदललं. लोणच्याच्या बरणीवर मुरांब्याची चिठ्ठी लावली. अशाने प्रत्येक विहीर शे-सव्वाशे मीटर पूर्वेला सरकते.

अकोल्याच्या एका परिषदेत सर हा नकाशा मांडणार होते. तिकडे जाताना बसमध्ये मी त्यांना विहिरींचा पेनड्राइव्ह दिला. "पाहू का उघडून?" त्यांनी लॅपटॉपकडे हात नेला.

"का? माझ्यावर भरवसा नाही?"

त्यांनी हात मागे घेतला.

सभागृहात पुण्याहून आलेले तज्ज्ञ होते, आमचे जुने सहकारी होते, सरपंच होते आणि पहिल्या रांगेत नवी साडी नेसलेली शांताबाई होती. सरांनी माती दाखवली, उतार दाखवला, पुसट पात्र दाखवलं. मग म्हणाले, "आता विहिरीची लेयर चालू करतो." आणि पश्चिम काठावरच्या साऱ्या गोड विहिरी वाहत्या नदीच्या मधोमध जाऊन बसल्या.

पुण्याच्या पाहुण्यांनी चष्मा पुसला. "सर, नदीत विहीर खोदली तर पाणी लागणारच की!"

काय तो हशा! असला राग येतो मला आजही. माणूस उन्हातान्हात गावोगावचं खारं पाणी पिऊन आला आणि एसीत बसलेल्यांनी एका वाक्यात त्याचं हसं केलं. विचारायचं होतं ना, असं कसं झालं म्हणून? कुणी विचारलं नाही. मॅडम आल्या नव्हत्या, त्यांनी एका नजरेत ओळखलं असतं.

मीही ओळखलं होतं. दुसऱ्या रांगेत बसून, पडद्याकडे पाहताक्षणी. उठून एक वाक्य बोलायचं होतं. मी हसलो. सगळे हसत होते तसाच.

सर पडद्याकडे पाहत म्हणाले, "माह्यंच काई चुकलं असन."

सरपंच जाताना म्हणाले, "सर, तुमचा नकाशाच बुडाला. गावात काय सांगू?" बोअर झालं नाही.

परतीच्या बसमध्ये सरांनी मला विचारलं, "देशमुख, तुमी तं नकाशेवाले. सांगा ना, काहून झालं असन असं?"

"होतं कधी कधी," मी म्हणालो आणि खिडकीबाहेर पाहू लागलो.

त्यानंतर सरांनी लॅपटॉप उघडला नाही. काही महिन्यांनी अमरावती सोडून अकोल्यात जठारपेठेत दोन खोल्या घेतल्या. लोक म्हणाले, लाजेने पळाले. मीही तेच धरून चाललो होतो. एकदा धीर करून निघालो. अर्ध्या वाटेवरचं मूर्तिजापूर येईपर्यंत माफीचं वाक्य पाठ झालं होतं.

दार शांताबाईने उघडलं. "या भाऊ. गावचं पाणी सोसत नाई म्हून दादानं मले इथं आणलं. आता नळ सोडला का गोडं पाणी!" तिने तांब्या पुढे केला.

सर माझ्या तोंडाकडे पाहत होते. "कसं हाय?"

"गोड आहे."

ते लहान मुलासारखे खुलले. ती आत गेल्यावर हळूच म्हणाले, "लग्नाच्या वक्ती घर पाह्यलं, वावर पाह्यलं, पोट्टा तं भल्लाच चांगला. पाणीच नाई पाह्यलं मी. भूगर्भशास्त्राचा मास्तर, देशमुख! बहिणीले द्याच्या गावचं पाणी चाखून नाई पाह्यलं. नकाशानं तेवढं फेडावं म्हटलं, तं तेही नाई जमलं मले."

मी तांब्या उचलला आणि आणखी पाणी प्यालो. तोंडात पाणी असलं की बोलावं लागत नाही. संध्याकाळच्या बसने परत आलो. पुन्हा जाईन म्हणालो होतो. गेलो ते शोकसभेलाच.

सभेतून आल्यावर मी ती जुनी फाईल उघडली आणि रूपांतर केलं. चहा निवायच्या आत झालं. विहिरी नदीतून उठल्या आणि त्या पुसट पात्रावर ओळीने जाऊन बसल्या. तो नकाशा मी सरपंचांना पाठवला आहे, चूक कुणाची ते लिहून. बोअर होईल की नाही, मला माहीत नाही.

मूर्तिजापूरपर्यंत पाठ केलेलं वाक्य अजून पाठ आहे. सर, तुमचं काही चुकलं नव्हतं. विहिरी जागेवरच होत्या, मी त्या सरकवल्या, आणि वर हसलो. मला माफ करा.