सगळेच पहिले

संगणकावर निकाल आला आणि कचेरीत हिशेब ठेवणाऱ्या दीपानं तो पुन्हा एकदा तपासला. आर्णीच्या पळसगंध महिला पापड संघाची पाच केंद्रं. स्पर्धेत सर्वांत मागं राहील ते बंद करायचा ठराव व्यवस्थापक अवधूत साहेबांनी केलेला. आणि इथं प्रत्येकाला शंभरपैकी शंभर!

पद्धत तिनंच आणली होती. केंद्रानं पैसा, वीज जेवढं घेतलं त्या मानानं दिलं किती, ते मोजायचं. पण कुणावर अन्याय नको म्हणून प्रत्येकाला आपली उजवी बाजू हवी तेवढी मोठी धरायची मुभा. मग काय! कुणी पापडांवर जोर दिला, कुणी टापटिपीवर. नेर केंद्र चालवणाऱ्या पंचफुलाबाईंची चक्की दिवाळीपासून बिघडलेली, म्हणून त्या वीज वाचवण्यात पहिल्या. अवधूत साहेबांनी हौसेनं आपली कचेरीही स्पर्धेत घुसवली होती. ती कागद हलवण्यात पहिली.

साहेबांना धाडायचा निकाल गडबडीत संघाच्या ग्रुपवर पडला. दुपारी कचेरीच्या दारात डफडं वाजू लागलं.

"घे वं पोरी, पेढा!" पंचफुलाबाई गुलालानं माखल्या होत्या.

"मावशी, जरा थांबा ना..."

"थांबू कायले? चक्की बंद ठेवून पहिली आली मी. चालू असती त काय झालं असतं!"

साहेब बाहेर आले. "सगळेच पहिले? मग मी बंद काय करू दीपाबाई, पंखा? पापडाचा संघ आहे हा! दिलं किती हे मोजताना निम्मा वाटा पापडाचा असलाच पाहिजे. घाला अट. आत्ता, सगळ्यांसमोर!" नजर पंचफुलाबाईंवर.

बाईंचा पेढा हातातच राहिला. "दीपा, आता आमचं केंद्र जाते का वं?"

दीपानं अट घातली, डोळे मिटून कळ दाबली आणि एकच डोळा उघडला. नेर दुसरं! चक्की बंद असली तरी बायका पीठ दळून आणून हातानं लाटत होत्या. खर्च थोडका, पापड भरपूर. सगळ्यांत खाली मात्र एक भलंमोठं शून्य होतं.

"कोनाचं वं ते?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"आपल्या कचेरीचं," दीपा हळूच म्हणाली. "पापड एकही नाही. निम्मा वाटाच शून्य, मग सगळंच शून्य."

"अहो, आम्ही कसे पापड लाटणार?" साहेब ओरडले.

"खाता त रोज!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि डफडं पुन्हा सुरू झालं.

ठराव साहेबांचा, अटही साहेबांचीच. आठवड्याभरात कचेरी रिकामी झाली आणि साहेबांचं टेबल नेरच्या केंद्रात, खिडकीपाशी लागलं. पहिल्याच सकाळी पंचफुलाबाईंनी त्यांच्यापुढं पोळपाट सरकवला.

"लाटा साहेब. घाबरू नका, पयला वाकडाच येते."