गेला तुझा पेशंट

चुकीचं उत्तर दिलं की पेडणेकर सिस्टर पेशंट मारायच्या. ओरडायच्या नाहीत, पुस्तक आपटायच्या नाहीत. चष्मा पुसत शांतपणे म्हणायच्या, "गेला तुझा पेशंट. जा, नातेवाइकांना सांगून ये."

नातेवाईक म्हणजे त्यांचे यजमान, अप्पा. ते बाल्कनीत लसूण सोलत बसलेले असायचे. त्यांच्यासमोर उभं राहून, नजरेला नजर देऊन, तुमचा माणूस गेला असं सांगायचं. बरं, अप्पाही सहज सोडायचे नाहीत. एकदा माझा दम्याचा पेशंट गेला, तर हातातली पाकळी खाली ठेवून म्हणाले, "शेवटाक पेज तरी घेतल्यान काय गो?" आता हे कुठल्या पुस्तकात असतं? मला रडूच फुटलं. आतून सिस्टरांचा आवाज आला, "रडून झालं की सांग, पेज घेतली होती की नाही!"

तीस वर्षं वॉर्डात काढून सिस्टर रिटायर झाल्या होत्या. राहायला मुलुंडला, आमच्याच बिल्डिंगमध्ये. नर्सभरतीच्या परीक्षेला बसलेल्या आम्हा तिघींची उजळणी त्या फुकट घ्यायच्या, आणि फुकटचं इतकं महागात पडलेलं मी दुसरं काही पाहिलं नाही. सोमवारी हृदय, मंगळवारी फुप्फुसं, बुधवारी मूत्रपिंड. त्या दिवशी चहासुद्धा किती प्यायलात ते वहीत लिहायचं. जिना चढतानाच मला भीती वाटायची. परीक्षेची नव्हे. उद्या खरंच वॉर्डात उभी राहिले आणि माझ्या हातून कुणी गेलं तर? ही धास्ती त्या बाईंनी आमच्या अंगात पुरती भिनवली होती.

परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा मी धीर करून म्हटलं, "सिस्टर, आज आम्ही विचारणार, तुम्ही सांगायचं."

"विचार ना. घाबरते काय मी?"

मी हृदयाच्या धड्यातला सोप्यात सोपा प्रश्न काढला. "डिगॉक्सिनची गोळी देण्याआधी नाडी बघायची. ठोके कितीच्या खाली असले तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं?"

"पन्नास," सिस्टर ताडकन म्हणाल्या.

पुस्तकात साठ होतं. मी दोनदा वाचून मोठ्याने सांगितलं. आमच्यातली कविता गमतीत बोलून गेली, "गेला तुमचा पेशंट, सिस्टर! जा, सांगून या."

आम्ही तिघी हसलो. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातून पुस्तक ओढून घेतलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून बघतच राहिल्या. तेव्हा मला आठवलं, अप्पांना दिवाळीपासून हीच गोळी चालू होती. रोज सकाळी नाडी बघून सिस्टरच ती द्यायच्या. ठोके पन्नास ते साठच्या मध्ये असतानाही त्यांनी ती दिली असेल तर?

सिस्टर बाल्कनीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

अप्पांनी मान वर केली. "काय गो? आज कोण गेलो?"

त्या लसणाच्या सालांवरच खाली बसल्या आणि त्यांनी अप्पांचं मनगट धरलं. "सकाळी किती होते, मला आठवत नाही हो," असं म्हणत घड्याळाकडे बघून मोजू लागल्या. मध्येच आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चुकला.

"सावकाश मोज," अप्पा म्हणाले. "मी खंय जातंय?"

इतके दिवस मला वाटायचं, घाबरायचं काम फक्त आमचं. मी त्यांच्या शेजारी बसले, अप्पांचं दुसरं मनगट हातात घेतलं आणि पूर्ण मिनिटभर मोजलं.

"बहात्तर, सिस्टर. छान लागतेय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "पुन्हा मोज."